भाकरीची पावलं

अंगणात सतरा माणसं होती, पाच शेळ्या होत्या, एक झोपलेलं कुत्रं होतं आणि सांगलीहून चौकशीला आलेल्या वल्लरीसाठी मुद्दाम मांडलेली एक लाल प्लास्टिकची खुर्ची होती. सतरा माणसांत चौदा बाया. त्यातल्या बारा जणींच्या उजव्या मनगटावर काळी पट्टी होती, तेरावीची पट्टी आत चार्जिंगला लावली होती आणि चौदावीची एका शेळीच्या गळ्यात होती.

वल्लरीने हे सगळं उभ्याउभ्याच वहीत टिपलं आणि शेळीपुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"ती माजी हाय," एक म्हातारी पुढे होऊन म्हणाली. या बनुबाई, वय एकाहत्तर. "लपवून काय करू? मी काय तुमच्या यादीत न्हाई. माजं वय जास्ती भरलं. पट्ट्या आल्या पंचवीस, बाया हायेत चोवीस. उरल्याली मला दिली. म्हनलं बगावं तरी, ही दिसभर किती हिंडती."

"मग? किती हिंडली?"

"कुटली हिंडती! भवानी सावलीला बसून नुसती रवंथ करती. काल बगितलं तर नऊशे पावलं. माजी मी चुलीपासनं मोरीपर्यंत गेले तरी त्यापरीस जास्त व्हत्यात."

सगळ्या हसल्या. हसली नाही ती फक्त राहीबाई. छप्पन्न वर्षांची, अंगाने काटक, पदर खोचून दाराच्या चौकटीला टेकून उभी. चौकशी तिचीच होती.

प्रकरण साधं होतं. माण तालुक्यातल्या, दहिवडीपासून तीन किलोमीटरवरच्या या गावात बायकांचा एक बचत गट होता. गेल्या वर्षी गटाने मिळून आरोग्य विमा उतरवला. कंपनीने प्रत्येकीला मनगटपट्टी दिली. महिन्यातले वीस दिवस रोज सात हजार पावलं चाललं की पुढच्या वर्षीचा हप्ता पाव हिश्शाने कमी, शिवाय रक्ताची आणि हृदयाची तपासणी फुकट. पावलं पट्टी मोजायची, आकडे मोबाइलवरून सांगलीला जायचे आणि गटाची यादी सगळ्या जणींच्या मोबाइलवर दिसायची. यादीत राहीबाई आठ महिने पहिली होती. आठवड्यापूर्वी तिचं नाव काळ्याचं करडं झालं आणि खाली दोन शब्द उमटले : चौकशी चालू.

नियम असा होता की एक सभासद खोटी निघाली तर अख्खा गट वर्षभरासाठी बाद. आणि विमा घ्या म्हणून दारोदार फिरून बाकीच्या तेवीस बायांना तयार केलं होतं ते राहीबाईनेच.

"आठ दिस झालं," ती वल्लरीला म्हणाली, "पान्याला गेले की बाया बोलायच्या थांबत्यात. तोंडावर कोन काय म्हनत न्हाई. पर मोबाइल काडून बगत्यात, माजं नाव काळं झालं का म्हनून."

वल्लरी तेवीस वर्षांची होती. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली, आणि चार महिन्यांपासून सांगलीला, विश्रामबागेतल्या विमा कंपनीच्या कचेरीत आकडे तपासायच्या कामावर. पिशवीत राहीबाईच्या महिनाभराच्या पावलांचा आलेख होता. तो तिने विट्यापर्यंत एकदा आणि विट्याला एस.टी. बदलल्यावर दुसऱ्यांदा असा वाचला होता, आणि दोन्ही वेळा तिला तो खटकला होता.

रोज पहाटे पाच ते पावणेसात या वेळात राहीबाईची साडेचार हजारांवर पावलं पडत होती, आणि तेवढ्या वेळात तिचा मोबाइल जागचा हलत नव्हता. मग सात वाजता मोबाइल निघायचा आणि दोन पूर्णांक नऊ किलोमीटर जायचा. त्या सबंध प्रवासात पावलं मात्र तीस-चाळीस. कंपनीच्या संगणकाने याचा अर्थ लावला तो असा, की बाई पहाटे बसल्या जागी पट्टी हलवते आणि नंतर गाडीवरून फिरायला जाते.

"एक खूण करायची," शुक्रवारी कचेरीत तिच्या वरिष्ठांनी, चिंतामणसरांनी, तिला बजावलं होतं. "फॉर्मवर दोन चौकोन आहेत. खरे आणि खोटे. तिसरा चौकोन नाही. तिथे जाऊन निबंध लिहू नका."

"सर, पण तो गाडीवरचा वेग ताशी चार पूर्णांक सहा आहे. मोटारसायकल एवढ्या हळू चालवली तर माणूस पडेल."

"मग बैलगाडी असेल."

"बैलगाडी सरासरी साडेतीनच्या वर जात नाही, सर."

"तुम्ही बैलगाडीचा वेग शोधून काढलात?"

"हो."

चिंतामणसरांनी चष्मा काढून पुसला होता आणि तिची बस किती वाजता आहे ते विचारलं होतं.

आता वल्लरी त्या लाल खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मावशी, पहाटे पाच ते पावणेसात तुम्ही काय करता?"

"भाकऱ्या."

"एवढा वेळ?"

"दहिवडीत पोरांची मेस हाय. तितं रोजच्या सत्तर-पंचाहत्तर भाकऱ्या लागत्यात. त्या माज्याकडनं जात्यात."

"मला बघायच्या आहेत."

"भाकऱ्या?" राहीबाईने आळीपाळीने तिच्याकडे आणि बाकीच्यांकडे पाहिलं. "सांगलीत भाकऱ्या करत न्हाईत व्हय?"

"माझी आई करते. पाच."

"मग ऱ्हावं लागंल मुक्कामाला. पाचला चूल पेटती आमची."

संध्याकाळी जेवताना राहीबाईचे मालक गुंडातात्या समोर बसले होते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या दवाखान्याचा खर्च सरकार करत होतं, त्यामुळे त्यांना पट्टी नव्हती आणि या सगळ्याची मजा वाटायला ते मोकळे होते.

"आमाला बी रोज चालवायचे," ते म्हणाले. "पट्टी न्हवती, कवायतीचा उस्ताद हुता. उस्तादाचं चार्जिंग कवाच संपत न्हवतं."

"आवं, वाडा की त्यांना," राहीबाई म्हणाली.

"वाडतो. पर मॅडम, एक ध्यानात घ्या. ही बाई खोटं बोलाया शिकली असती, तर पस्तीस वर्षांत माजं लय काम सोपं झालं असतं. पाव्हन्यात एकानं इचारलं, आमी आलो ते आवडलं का, तर ही म्हनली, जेवायच्या टायमाला आलाव ते न्हाई आवडलं."

"मग आवडलंच न्हवतं," राहीबाई म्हणाली.

पहाटे पाचला वल्लरी शाल गुंडाळून चुलीशेजारी बसली. जानेवारीचा गारठा होता. तिच्या बोटात एक छोटं मोजयंत्र होतं. अंगठ्याने कळ दाबली की आकडा एकाने वाढायचा. राहीबाईने काठवटीत बाजरीचं पीठ मळलं, गोळा घेतला, पीठ भुरभुरलं आणि उजव्या हाताने थापायला लागली. वल्लरी दर थापेला कळ दाबत होती. पहिली भाकरी बासष्ट थापांची. दुसरी चौसष्ट. तिसरी साठ.

चौथ्या भाकरीच्या वेळी तिचं लक्ष थापणाऱ्या मनगटाकडे गेलं. पिठाने पांढऱ्या झालेल्या पट्टीवर आकडा पळत होता. थाप की एक, थाप की एक.

"मावशी, जरा थांबता?"

"आता थांबले तर ही चिकटंल."

मग वल्लरी थांबली नाही आणि राहीबाईही थांबली नाही. पावणेसातला चौऱ्याहत्तर भाकऱ्या झाल्या. वल्लरीच्या अंगठ्याला वळ पडला होता. मोजयंत्रावर आकडा होता चार हजार पाचशे शहाऐंशी. पट्टीवर तेवढ्या वेळात चार हजार पाचशे नव्व्याण्णव पावलं वाढली होती. वरची तेरा पीठ मळण्याची असावीत, असं तिने वहीत लिहिलं आणि पुढे 'असावीत' या शब्दाखाली रेघ मारली.

"मावशी," ती म्हणाली, "ही पट्टी तुमच्या थापांना पावलं समजतेय."

राहीबाई भाकऱ्या धडप्यात बांधत होती. हात तसाच राहिला.

"म्हंजी?"

"म्हणजे चालताना हात हलतो, त्यावरून ही पावलं ओळखते. थापताना पण हात तसाच, एका लयीत हलतो. तुम्ही खोटं काही केलं नाहीत. पण ही साडेचार हजार पावलं नाहीत. भाकऱ्या आहेत."

"पट्टी कुठल्या हातात बांधायची, ते लिहिलं होतं का कुठे?" वल्लरीने पुढे विचारलं.

"लिव्हलं आसंल. पट्ट्या आल्या त्या दिशी आमी हळदी-कुंकू केलं. मीच बांदल्या सगळ्यांना. नवी चीज डाव्या हातात कोन बांदतंय? उजव्यात बांदल्या."

माहितीपत्रक वल्लरीच्या पिशवीत होतं. पाचव्या पानावर लिहिलं होतं : ज्या हाताने काम कमी करता त्या हातात बांधा. चोवीसच्या चोवीस बायांनी शुभ म्हणून उजव्या हातात बांधली होती. बाकीच्या जणींच्या घरी दहा-बारा भाकऱ्या व्हायच्या, म्हणून संगणकाच्या नजरेत कोणी आलं नव्हतं.

राहीबाई चुलीतला जाळ मागे ओढत बसली. मग म्हणाली, "कमी कर."

"काय?"

"भाकऱ्यांची कमी कर. भाकऱ्यांचं मला मेसवाला देतो. त्याचीच पावलं म्हनून परत तुमच्याकडनं काय घिऊ? वजा करून काय ऱ्हातंय ते सांग."

ही वजाबाकी आपण आधीच करून पाहायला हवी होती, असं वल्लरीला वाटलं. रोजची सरासरी आठ हजार शंभर. त्यातून साडेचार हजार गेले. "साडेतीन हजार," ती हळू म्हणाली.

"सातला निम्मं." राहीबाई उठली. "मग त्या तुज्या कागदावर माजं खोटं म्हनून लिव्ह. पर त्या तेवीस जनींचं तसं लिवू नको. त्यांनी माज्या सांगन्यावरनं बांदली."

"तसं करता येत नाही, मावशी. एक गेली की सगळ्या जातात."

राहीबाईने नुसता पदर खोचला. तिने डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर भाकऱ्यांची पाटी घेतली, उजवा हात वर करून पाटीची कड धरली आणि दहिवडीच्या वाटेला लागली. मेसवाल्याला आठाच्या आत भाकऱ्या लागत होत्या. चौकशी असो नसो.

वल्लरी मागोमाग निघाली. दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी होती. बाई पाटीखाली मान सरळ ठेवून झपाझप चालत होती आणि वल्लरीला मधूनमधून पळावं लागत होतं. अर्धा किलोमीटर गेल्यावर तिने सवयीने स्वतःच्या पट्टीकडे पाहिलं. आठशे चाळीस. मग तिने मान उंचावून राहीबाईच्या मनगटाकडे पाहिलं. निघताना तिथे होते चार हजार नऊशे तीन. आता होते चार हजार नऊशे नऊ.

वल्लरी रस्त्यातच थांबली. मग तिने आपली पट्टी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, तो हात डोक्यावर ठेवला आणि मोठ्याने मोजत शंभर पावलं चालली. पट्टी चारने वाढली. ती वळली आणि हात डोक्यावर ठेवूनच शंभर पावलं परत आली. पट्टी तीनने वाढली.

समोरून आलेल्या मोटारसायकलवाल्याने गाडी हळू केली. "ताई, डोकं दुखतंय का? गोळी हाय माज्याकडं."

"नाही, नाही," वल्लरी म्हणाली आणि हसतच पळत सुटली. "मावशी! अहो मावशी, थांबा! तुमचा हात वर आहे!"

"मग काय खाली सोडू? पाटी पडंल की."

"तेच! हात हलत नाही म्हणून तिला वाटतं तुम्ही चालतच नाही. रोज सकाळी तुम्ही एवढ्या लांब चालता त्यातलं तिने काहीही मोजलेलं नाही! येताना डोक्यावर काय असतं?"

"पिठाचं बाचकं. गिरनीतनं."

"आणि संध्याकाळी?"

"वैरनीचा भारा."

वल्लरीला ताशी चार पूर्णांक सहा किलोमीटर चालणारं ते वाहन अखेर सापडलं होतं. राहीबाईने मात्र चार पावलं विचार केला.

"म्हंजी बसल्यालं मोजती आन् चालल्यालं मोजत न्हाई."

"हो."

"आन् हिला शानी म्हनून मी घरोघरी सांगत फिरले."

मेसच्या दारातून वल्लरीने चिंतामणसरांना फोन लावला. रविवार होता, मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. थापांची सरासरी काय आली तेही विचारलं.

"फेरमोजणीचा नियम आहे," ते म्हणाले. "आजवर कोणी वापरलेला नाही. एक दिवस, पहाटे पाच ते संध्याकाळी पाच. तपासनीसाने पूर्ण वेळ हाताने मोजायचं. पट्टी आणि हातमोजणी यांत एक टक्क्याहून जास्त फरक नको. आणि आकडा सात हजारांच्या वर. कमी आला तर विषय संपला, मग मला काही सांगू नका."

"पट्टी पायात बांधली तर? घोट्यावर? चालायचं तर पाय हलवावाच लागतो."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"नियमात पायाला मनाई आहे का?"

"नाही. मी वाचलेत."

"तुम्ही वाचले असणारच. उद्या सोमवार, पाचला मला आकडा पाहिजे."

दुपारपर्यंत ही बातमी गावात पसरली आणि अंगणात पुन्हा सगळ्या जमल्या. योजना बनुबाईंनी मांडली. "उद्या तू कायबी करू नगंस. भाकऱ्या आमी चौघी करतो. तू नुसती मारुतीच्या देवळाला फेऱ्या मार. शंभर मार. सात काय, पंधरा हजार करून दाखवू सांगलीवाल्यांना."

"मला माजं रोजचं चालनं मोजायचंय, आत्या," राहीबाई म्हणाली. "नवसाचं न्हाई."

"आगं, एक दिसाचा तर सवाल हाय!"

"मग त्यो एक दिसच खोटा व्हईल की. आठ म्हैने नकळत झालं ते येगळं."

वल्लरीला हेच सांगायचं होतं, पण तिला ते इतक्या थोडक्यात सांगता आलं नसतं. तिने फक्त एक भर घातली. पट्टीच्या काचेवर ती चिकटपट्टी लावणार होती, म्हणजे आकडा राहीबाईला दिवसभर दिसणार नाही. आणि उद्या कोणीही तिला चल, ऊठ किंवा बस म्हणायचं नाही.

"मी म्हनलो तर?" गुंडातात्यांनी विचारलं.

"रोज म्हणता का?"

"रोज म्हनतो. ऐकत न्हाई."

"मग म्हणा."

सोमवारी पहाटे पाचला पट्टी राहीबाईच्या डाव्या घोट्यावर चढली. पिठाच्या पांढऱ्या हातांनी ती चुलीपुढे बसली तेव्हा वल्लरी पहिल्यांदाच निवांत होती, कारण आता थापा मोजायच्या नव्हत्या. आत-बाहेर, गोठा, पाणी, सरपण मिळून सात वाजता तिच्या मोजयंत्रावर पाचशे अठ्ठ्याऐंशी होते. मेसच्या दारात पोचल्यावर पाच हजार दोनशे ऐंशी. गिरणीत रांग होती, तिथे बाई उभीच राहिली. पिठाचं बाचकं डोक्यावर घेऊन त्या परतीला लागल्या तेव्हा पाच हजार चारशे.

वल्लरीने मनातल्या मनात बेरीज केली. परतीचे आणखी साडेचार-पावणेपाच हजार. म्हणजे दहा हजार, आणि तेही सकाळी नऊच्या आत. तिला शीळ वाजवावीशी वाटली.

मागून एक छोटा टेम्पो आला आणि शेजारी थांबला. गावातलाच दिग्विजय नावाचा जवान पोरगा, दूध घालून रिकामा परत चाललेला. "काकी, बसा की. ताई, तुमी बी या."

राहीबाईने डोक्यावरचं बाचकं न हलवता नजर वळवली आणि वल्लरीकडे पाहिलं.

वल्लरीच्या तोंडात 'नको' आलं होतं. तिने ते गिळलं. "मावशी, एरवी हा भेटला तर बसता?"

"भेटला तर बसते. आठवड्यातनं दोनदा भेटतो. पिटाचं वज्जं लय असतंय."

आलेखात ते होतं. महिन्यात आठ दिवस परतीचा वेग ताशी तीसच्या पुढे गेला होता. पहिल्या दिवशी विट्याच्या बसमध्ये वल्लरीनेच त्या आठ दिवसांना लाल गोल केले होते.

"मग बसा," ती म्हणाली.

दिग्विजयने पुढचं दार उघडलं. "काय झालं ताई? तोंड का पडलं? मी काय भाडं घेत न्हाई."

घरी पोचेपर्यंत पाच हजार चारशेवर वीसच वाढली. त्यातली सहा टेम्पोत चढण्या-उतरण्याची होती. बायांना काय घडलं ते टेम्पोचा आवाज ऐकूनच कळलं. बनुबाईंनी दिग्विजयला ज्या शब्दांत विचारलं, ते वल्लरीने वहीत घेतले नाहीत.

दुपार झाली. राहीबाई जेवली, भांडी घासली, शेळ्यांना पाणी दाखवलं. तीन वाजता ती पडवीत सूप घेऊन बसली आणि मटकी निवडू लागली. मोजयंत्रावर पाच हजार सातशे बहात्तर होते. साडेतीन वाजले. ती मटकी निवडतच होती.

अंगणात दहा-बारा बाया होत्या आणि त्यातली एकही बसलेली नव्हती. त्या नुसत्याच इकडून तिकडे येरझाऱ्या घालत होत्या. त्यांची स्वतःची त्या दिवसाची सात हजार तिथेच पूर्ण होत असावीत.

"मटकी काय पळून चालली का?" कोणीतरी आभाळाकडे पाहून म्हणालं.

"शूऽऽ," वल्लरी म्हणाली.

"मी मटकीला म्हनते, तिला न्हाई."

चार वाजले. बनुबाई शेळीपुढे जाऊन बसल्या आणि तिला सांगू लागल्या, "बाई गं, ऊठ. दिसभर बसून पाय आकडत्यात. कोनाची तरी वाट बगत आसंल वैरन."

"आत्या!" राहीबाई सुपातून मान वर न करता म्हणाली. "शेरडाची फेरमोजनी न्हाई. गप बसा."

गुंडातात्या आतून चहा घेऊन आले. त्यांनी एक कप बायकोपुढे ठेवला, तिच्याकडे पाहिलं, वल्लरीकडे पाहिलं. "चल, ऊठ, शेताला जाऊ," ते म्हणाले.

"चा हाय अजून," राहीबाई म्हणाली.

तिने चहा फुंकून फुंकून प्याला. मटकीतले खडे एका मुठीत घेऊन दाराबाहेर टाकले. सूप भिंतीला टेकवलं. चार वाजून बावीस मिनिटांनी तिने विळा घेतला आणि रोजच्यासारखी गोठ्यामागच्या पायवाटेने वैरणीला निघाली.

वल्लरी तिच्या मागे गेली. शेत किती लांब होतं ते तिने मुद्दाम कोणाला विचारलं नव्हतं. आता तिने मोजयंत्र मुठीत उलटं धरलं. आकडा बघायचा नाही, डाव्या-उजव्या पावलाला फक्त कळ दाबायची. मागे पन्नास फुटांवर बाया येत होत्या. शेत यायला फार वेळ लागला नाही, आणि ते इतक्या लवकर आलं याचं वल्लरीला वाईट वाटलं.

राहीबाईने वाकून कडवळ कापलं, सरीतून पुढे सरकत गेली, भारा बांधला. मागोमाग आलेल्या गुंडातात्यांनी भाऱ्याला हात लावून तो तिच्या डोक्यावर चढवला. तिने उजवा हात वर करून भारा धरला आणि परत फिरली. ओझ्याने पावलं आखूड पडत होती, हे वल्लरीच्या अंगठ्याला कळलं. कळ जरा लवकर-लवकर दाबावी लागत होती.

अंगणाच्या तोंडाशी राहीबाईने भारा टाकला आणि पदराने मान पुसली. "किती वाजलं?"

"पाचला चार मिनिटं आहेत," वल्लरी म्हणाली.

राहीबाईने शेळ्यांकडे पाहिलं, हंड्याकडे पाहिलं आणि पडवीत जाऊन बसली. "मग माजं झालं," ती म्हणाली. "आता दिवा लावेपर्यंत मी उठत न्हाई."

"चार मिंटं हायेत की गं!" बनुबाईंचा आवाज चिरकला.

"रोज न्हाई उठत."

चार मिनिटं अंगणात कोणी हललं नाही. पाच वाजता वल्लरी पडवीत गुडघ्यावर बसली, राहीबाईच्या घोट्यावरच्या काचेची चिकटपट्टी सोलली, मुठीतलं मोजयंत्र उलटं केलं आणि दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले.

हातमोजणी : ७,०६५.

डावा घोटा : ७,०५८.

फरक : ०.१ टक्का.